वाचकांचे प्रश्न : छोटी कर्जे देताना काय पाहावे?

आपल्या बचतीतून छोट्या उद्योजकांना कर्ज देता येते का, आणि द्यावे का, या विषयावर नाशिक शहर व जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. अमेरिकेत असलेला माझा मुलगा एका संकेतस्थळावरून केनियातल्या किंवा पेरूतल्या एखाद्या महिलेला २५ डॉलर कर्ज म्हणून देतो आणि ते फिटले की तीच रक्कम दुसरीला देतो. त्या महिलांना व्याज लागत नाही, असे तो सांगतो. मलाही निवृत्तिवेतनातून असे काही करावेसे वाटते. पैसे खरोखर त्या महिलेपर्यंत पोहोचतात का, आणि अशा कर्जांनी गरिबी हटते का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपल्या वर्णनावरून आपले चिरंजीव किवा या संस्थेमार्फत कर्ज देत असावेत. ही संस्था २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झाली. तिथे २५ डॉलरपासून कर्ज देता येते आणि देणाऱ्याला व्याज मिळत नाही, हे खरे आहे. परंतु घेणाऱ्याला व्याज लागत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. बहुतेक कर्जे किवा स्वतः वाटत नाही. ती त्या त्या देशातली सूक्ष्मवित्त संस्था, म्हणजे गरिबांना छोटी कर्जे देणारी संस्था वाटते, हप्तेही तीच गोळा करते आणि आपला खर्च भागवण्यासाठी कर्जदाराकडून व्याजही तीच घेते. शिवाय संकेतस्थळावर जिचे छायाचित्र दिसते, त्या महिलेला कर्ज बहुधा आधीच मिळालेले असते, आणि आपल्या मुलाचे पैसे त्या स्थानिक संस्थेची रक्कम भरून काढण्यासाठी जातात. डेव्हिड रूडमन या अमेरिकी अभ्यासकाने २००९ मध्ये ही गोष्ट जाहीरपणे मांडली, तेव्हा अनेक देणाऱ्यांचा हिरमोड झाला आणि किवाला आपल्या संकेतस्थळावरचे स्पष्टीकरण बदलावे लागले. मला स्वतःला त्यात लबाडी दिसत नाही, कारण दुकानात माल भरायला निघालेल्या बाईला, परदेशातला कोणी तिचे छायाचित्र पसंत करीपर्यंत ताटकळत ठेवणे हा काही शहाणपणा नव्हे. खटकते ते इतकेच, की देणाऱ्याचे समाधान सांभाळण्याच्या नादात मधली संस्था आणि तिचा व्याजदर त्याच्या नजरेआड राहतो.

वास्तविक पाहायचे ते नेमके तेच. छायाचित्रातल्या हसऱ्या चेहऱ्यावरून काहीच कळत नाही. कर्जदाराला वर्षाला किती टक्के पडतात आणि हप्ता कधी सुरू होतो, या दोन गोष्टींवरून जवळजवळ सगळे कळते. व्याज सांगण्याच्या पद्धतीतही मोठी गोम असते. १०,००० रुपयांवर ‘१२ टक्के फ्लॅट’ म्हणजे १,२०० रुपये व्याज आणि बारा समान हप्ते असे सांगितले, तर ऐकणाऱ्याला दर बँकेसारखाच वाटतो. परंतु दर महिन्याला मुद्दल घटत जाते आणि व्याज मात्र पूर्ण १०,००० वर आकारलेले असते, त्यामुळे घटत्या शिलकीवर हिशेब केला की हाच दर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के होतो.

मग इतके महाग कर्ज गरिबाने घ्यावेच का, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर आपल्या गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मिळते. पंचवटीच्या बाजार समितीत शेकडा जुड्यांच्या भावाने कोथिंबीर आणि मेथी उचलून बाजारात विकणाऱ्या बाईला समजा ५,००० रुपये खेळते भांडवल लागते आणि ते ती रोजच्या रोज शेकडा एक रुपया दराने घेते. दिवसाचे ५० रुपये झाले. महिन्यात पंचवीस दिवस धंदा धरला तर १,२५० रुपये. तेच ५,००० वर्षाला २४ टक्क्यांनी मिळाले, तर महिन्याचे व्याज १०० रुपये होते. उरलेले १,१५० रुपये तिच्या पदरात पडतात, आणि त्यासाठी तिला एक जुडीही जास्त विकावी लागत नाही. आधीच महाग पैशावर चालणारा धंदा थोड्या स्वस्त पैशावर आणणे, हे छोट्या कर्जाचे सर्वांत खात्रीचे काम आहे, असे माझे मत आहे.

बांगलादेशातले अर्थतज्ज्ञ मुहंमद युनूस यांनी सुरुवात केली तीही अशाच हिशेबावरून. चितगावजवळच्या जोब्रा गावात १९७६ मध्ये त्यांनी स्वतःच्या खिशातून ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले, तेव्हा त्यांच्यासमोर बांबूची बैठी स्टुले विणणाऱ्या बाया होत्या. कच्च्या मालासाठी व्यापाऱ्याकडून उसने घ्यायचे आणि तयार माल त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने द्यायचा, या कचाट्यात त्या सापडल्या होत्या. त्यातून १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये बँकेला व युनूस यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिकानंतर मात्र या कर्जांकडून अपेक्षा इतक्या वाढल्या, की कर्ज दिले म्हणजे गरिबी गेली, असेच लोक धरून चालू लागले.

तसे होत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या १०४ वस्त्यांचा अभ्यास केला. त्यांतल्या ५२ वस्त्या यदृच्छेने निवडून तिथे एका सूक्ष्मवित्त कंपनीने आधी शाखा उघडल्या आणि उरलेल्या वस्त्यांशी त्यांची तुलना केली गेली. ज्यांचा धंदा आधीच चालू होता, त्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला; घरात टिकाऊ वस्तू आल्या आणि पान-तंबाखूसारख्या गोष्टींवरचा खर्च थोडा घटला. परंतु कुटुंबाचा एकूण सरासरी खर्च वाढला नाही, आणि मुलांचे शिक्षण किंवा घरातल्या निर्णयांत स्त्रीचा वाटा यांत ठळक फरक दिसला नाही. २०१५ मध्ये भारत, बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांतले असे अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले, आणि त्यांचाही सूर साधारण हाच होता : थोडा लाभ होतो, कायापालट होत नाही.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो कोलकात्यातला एक प्रयोग. तिथे काही कर्जदारांना पहिला हप्ता नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी न लावता दोन महिन्यांनी लावला. त्यांनी धंद्यात जास्त गुंतवणूक केली आणि पुढे त्यांचा नफाही जास्त राहिला. मात्र त्यांच्यातली थकबाकीही वाढली. देणाऱ्याला वसुलीची शाश्वती हवी असते आणि घेणाऱ्याला उसंत हवी असते, आणि या दोन गोष्टींचे एकमेकींशी जमत नाही. येवल्याच्या मागावर पैठणी उतरायला नक्षीप्रमाणे काही आठवड्यांपासून काही महिने लागतात. त्या विणकराला पहिल्याच आठवड्यापासून हप्ता लावला, तर तो हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज काढील. भाजीवालीला साप्ताहिक हप्ता सोसतो, कारण तिच्या हातात रोज रोकड येते. पण पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले आणि ते गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर चढू लागले, की घाटावरचे ठेले उठतात, धंदा काही दिवस बंद राहतो आणि हप्त्याची तारीख मात्र जागची हलत नाही. अशा वेळी हप्ता पुढे ढकलून देणारी संस्था निवडणे, हे छायाचित्र निवडण्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचे आहे.

आपल्याविषयी सांगायचे तर भारतातून परदेशी व्यक्तीला वा संस्थेला कर्जाऊ पैसे देण्यास परकीय चलनाचा कायदा लागू होतो, म्हणून मुलाचे पाहून आपण इथून तसे परस्पर करू नये; आधी बँकेत विचारावे. शिवाय देशातच कामाची वाण नाही. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये म्हसवडला सुरू झालेली माणदेशी महिला सहकारी बँक, किंवा इला भट्ट यांच्या प्रेरणेने १९७४ मध्ये अहमदाबादला उभी राहिलेली सेवा बँक, या घेणाऱ्या बायांनीच भागभांडवल घालून उभ्या केलेल्या बँका आहेत. व्यक्तीने व्यक्तीला कर्ज देण्याचा मार्गही उपलब्ध आहे. त्याविषयी पुढे तिसऱ्या उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : मी घरी पोळ्या-भाकरी करून देण्याचा व्यवसाय करते. आम्ही दहा जणींनी मिळून एका कंपनीकडून कर्ज घेतले आहे. त्यांतल्या एकीचे दोन हप्ते थकले, तर वसुलीवाला माणूस रात्री आठनंतर येऊन बसतो आणि बाकीच्यांनी मिळून भरल्याशिवाय उठत नाही. आम्ही भरणे बंधनकारक आहे का? आणि हे बचत गटाचेच कर्ज म्हणायचे का?
— एक भगिनी, पंचवटी

उत्तर : ताई, हे बचत गटाचे कर्ज नव्हे, आणि हा फरक तुम्ही गटातल्या सगळ्यांना समजावून सांगावा. नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या बँकेने १९९२ मध्ये ५०० गटांपासून बँक जोडणीचा जो उपक्रम सुरू केला आणि महाराष्ट्रात माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) व उमेद (ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांच्या माध्यमातून जो गावोगाव पोहोचला, त्यात बाया आधी स्वतःची बचत करतात, त्या बचतीतून अंतर्गत कर्ज देतात, आणि त्याचे व्याज गटाच्याच पेटीत राहते. बँकेचे कर्ज नंतर येते. तुमचा गट कंपनीने कर्ज वाटण्याच्या सोयीसाठी केलेला आहे. त्यात व्याज कंपनीचे आणि जामीनकी तुमची, अशी वाटणी असते.

तुम्ही एकमेकींना जामीन राहिल्याचे लिहून दिले असेल, तर त्या जबाबदारीतून सहज सुटका नाही. त्यासाठी सही केलेला कागद मागून घ्या आणि तो वाचणाऱ्याला दाखवा. परंतु वसुली कशी करायची, याला रिझर्व्ह बँकेचे स्पष्ट नियम आहेत. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार हप्ता दोघांच्या संमतीने ठरलेल्या जागीच घ्यायचा असतो. ठरलेल्या जागी कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा आला नाही, तरच वसुली कर्मचाऱ्याला घरी वा कामाच्या जागी जाता येते. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचा तगादा लावता येत नाही. शिवीगाळ, धमकी, किंवा नातेवाइकांना व शेजाऱ्यांना त्रास देणे तर मुळीच चालत नाही. तेव्हा रात्री आठला दारात बसणारा माणूस नियम मोडत आहे, हे नक्की. आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याविषयी माहिती व मदतीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे, आणि तक्रार करण्याचे शुल्क लागत नाही.

आणखी एक नियम तुमच्या उपयोगाचा आहे. वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेल्या विनातारण कर्जालाच सूक्ष्मवित्त कर्ज म्हणतात, आणि अशा कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. हा नियम उगाच आलेला नाही. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात एकाच घराला चार-चार कंपन्यांनी कर्जे दिली, एका कंपनीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून फिटू लागला, वसुलीच्या जाचामुळे आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरमध्ये सरकारला अध्यादेश काढावा लागला. त्यानंतर तिथली परतफेड जवळजवळ थांबली आणि भरणाऱ्या बायांनाही पुढे कर्ज मिळेना. हप्ते थकलेल्या तुमच्या मैत्रिणीकडे किती कंपन्यांची पुस्तके आहेत, हे तिला विश्वासात घेऊन विचारा. दोनाहून अधिक निघाली, तर तिच्यासाठी वर्गणी काढून हप्ता भरल्याने तिची अडचण महिनाभर पुढे जाईल, एवढेच होईल.

प्रश्न : मी अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. ५०,००० रुपये एखाद्या ॲपवरून छोट्या व्यावसायिकांना कर्ज म्हणून देऊन समाजकार्य आणि चांगला परतावा, दोन्ही साधावे असा विचार आहे. हे सुरक्षित आहे का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : कायदेशीर आहे, पण सुरक्षित नाही. व्यक्तीने व्यक्तीला कर्ज देण्याची सोय करणाऱ्या मंचांना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१७ पासून नोंदणीच्या चौकटीत आणले. त्यानुसार एका देणाऱ्याला एका कर्जदाराला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त देता येत नाही, मुदत ३६ महिन्यांपेक्षा जास्त नसते, आणि पैसे मंचाच्या खात्यात न जाता विश्वस्तांच्या देखरेखीखालील वेगळ्या बँक खात्यातून फिरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये नियम आणखी कडक झाले : हमखास परतावा किंवा हवे तेव्हा पैसे काढण्याची सोय सांगून याची जाहिरात गुंतवणूक म्हणून करता येत नाही, आणि बुडालेल्या कर्जाचा तोटा देणाऱ्यालाच सोसावा लागतो. म्हणून जो ॲप खात्रीचा परतावा सांगतो, त्याच्यापासून दूरच राहावे. नोंदणी पाहायची ती रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत, ॲपवरच्या शिक्क्यावर नव्हे.

समजा, आपण ५०,००० रुपये दहा जणांना ५,००० प्रमाणे वर्षभरासाठी ८ टक्क्यांनी दिले. हप्त्याहप्त्याने मुद्दल परत येत असल्यामुळे सगळ्यांनी चोख फेडले, तरी वर्षाचे व्याज ४,००० नव्हे, तर सुमारे २,२०० रुपयेच होते. त्यांतल्या एकाने सुरुवातीपासूनच फेडले नाही, तर ५,००० गेले, म्हणजे सगळे व्याज जाऊन मुद्दलालाही सुमारे ३,००० रुपयांची खोट आली. हे व्याज आपल्या उत्पन्नात धरून त्यावर करही भरावा लागतो. ‘रंग दे’सारखी संस्था २००८ मध्ये कमी व्याजाच्या सामाजिक कर्जांसाठीच सुरू झाली आणि पुढे तिने रिझर्व्ह बँकेची नोंदणीही घेतली, तिथे देणाऱ्यांनी परताव्याची फार आशा ठेवलेली नसते. जास्त परतावा हवा असेल, तर तो अखेर कर्जदाराच्या व्याजातूनच यायचा, आणि मग समाजकार्याचा भाग आपोआप कमी होतो. माझा सल्ला विचाराल तर जे पैसे परत आले नाहीत तरी घरात वाद होणार नाही, तेवढेच यात घालावेत. पहिल्या वर्षी ५,००० पुरेत.

प्रश्न : आमच्या गल्लीत हातगाडीवर फळे विकणारे गृहस्थ ओळखीचे आहेत. त्यांना १५,००० रुपये हातउसने द्यायचे आहेत. व्याज घ्यावे का? परवाना लागतो का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ओळखीच्या माणसाला एकदा बिनव्याजी हातउसने देण्याला परवाना लागत नाही. व्याजाने पैसे देणे हा धंदा होऊ लागला, म्हणजे आज यांना, उद्या त्यांना असे सुरू झाले, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू होतो, आणि विनापरवाना सावकारीला शिक्षा आहे. तेव्हा व्याज घेऊ नये, हेच बरे. रक्कम खात्यातून द्या, दोन ओळींची चिठ्ठी लिहून घ्या आणि परतफेड त्यांच्या हंगामाप्रमाणे ठरवा. २०,००० रुपये किंवा अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेण्यास आणि फेडण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, हेही पुढच्या वेळेसाठी लक्षात असू द्यावे.

मात्र पैसे देण्याआधी त्यांना पीएम स्वनिधी योजनेतून कर्ज मिळते का, ते पाहा. जून २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी सुरू झालेल्या या योजनेत आता पहिले कर्ज १५,००० रुपयांपर्यंत मिळते. ते वेळेवर फेडले की २५,००० आणि मग ५०,००० पर्यंत मिळते, आणि वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्क्यांची सवलत खात्यात जमा होते. आपण दिलेले १५,००० एकदा फिटले की तिथेच संपतात. बँकेचे तेवढेच कर्ज फिटले, तर त्यांच्या नावावर परतफेडीची नोंद होते आणि पुढच्या कर्जाची वाट मोकळी होते. विक्रेता प्रमाणपत्र नसेल, तर महापालिकेचे शिफारसपत्र चालते. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला असावा लागतो. बहुतेकांचे अडते ते इथेच, कारण जुना क्रमांक बंद पडलेला असतो. तेवढे त्यांच्याबरोबर जाऊन करून द्या आणि कर्ज मंजूर होईपर्यंत माल भरायला कमी पडतील तेवढेच पैसे हातउसने द्या.